मागल्या खोलीतली वाळवी

आरोहीची विज्ञानाची प्रयोगवही सोमवारी शाळेत द्यायची होती. शनिवारी दुपारी ती कपाटातून काढायला गेली, तर नुसता वरचा पुठ्ठा हातात आला. बाकीची वही खालच्या कप्प्यालाच चिकटून राहिली.

"आई!" अशी तिने हाक मारली की योगिनी पिठाच्या हातांनीच मागल्या खोलीत धावली. खोलीत साप निघाला असंच तिला वाटलं. कपाटासमोर आरोही पुठ्ठा धरून उभी होती. खालच्या कप्प्यात वह्यांच्या जागी ओल्या मातीचा एक थर दिसत होता, आणि त्या मातीत तांदळाच्या कणीएवढे पांढुरके जीव इकडून तिकडे पळत होते. उजेड पडला तसे ते घाईघाईने आत शिरायला लागले.

"वाळवी," योगिनी म्हणाली. एवढं म्हणून तिने आधारासाठी दाराच्या चौकटीवर हात टेकला, तर तिचा अंगठा लाकडात पापडात रुतावा तसा रुतला. वर रंग तसाच होता, पॉलिश तसंच होतं, आणि आत काही नव्हतं.

योगिनी शिवलकर त्रेचाळीस वर्षांची. रत्नागिरीजवळच्या कोतवड्यातलं हे चिऱ्याचं घर बांधून नऊ वर्षं झाली होती. नवरा नितेश मालवाहू जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. घराचा नकाशा त्याने कुठल्याशा बंदरातून फोनवर पसंत केला होता आणि बांधकामावर उभा राहिला होता त्याचा धाकटा भाऊ बाबल्या. योगिनीला कुणी फारसं विचारलं नव्हतं. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची तेवढी तिने सांगितली होती, आणि तीही दोन इंच चुकली होती. नऊ वर्षं तिने त्या घरात झाडलं, पुसलं, सासूचं पथ्यपाणी सांभाळलं, मुलीला वाढवलं. भिंतींच्या आत काय आहे, जमिनीखाली काय आहे, याचा विचार करायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

तो रविवार मायलेकींनी प्रयोगवही पुन्हा लिहिण्यात घालवला. आरोही लिहीत होती, योगिनी पट्टी धरून आकृत्या काढत होती. पण दर दहा मिनिटांनी ती उठायची, मागल्या खोलीत जाऊन कपाटाकडे बघायची, आणि परत यायची.

"आई, तू बस ना एका जागी," आरोही म्हणाली. "आकृतीतलं भिंग वाकडं आलंय."

सोमवारी संध्याकाळी लवू मेस्त्री आला. घराच्या चौकटी नऊ वर्षांपूर्वी त्यानेच बसवल्या होत्या. साठीचा, हडकुळा माणूस. खिशात कायम एक स्क्रू ड्रायव्हर. त्याने चौकट खालपासून वरपर्यंत टोचून पाहिली आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकला.

"ऐनाचं लाकूड होतं ओ," तो म्हणाला. "सहज खाणार नाय. हिला भूक मोठी लागलेली दिसते."

"चौकट बदलली की होईल ना?" योगिनीने विचारलं.

"वैनी, वाळवी चौकटीत राहत नाय. ती इथे जेवायला येते. राहते जमिनीत. नुसती चौकट बदललीत तर तुम्ही तिला ताजं ताट वाढल्यासारखं होईल."

हे वाक्य योगिनीच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

दोन दिवसांनी रत्नागिरीहून औषध मारणारा एक माणूस आला. पाठीला पंप, हातात ड्रिल. भिंतीच्या कडेने फरशीत फुटाफुटावर भोकं पाडायची, त्यात औषध सोडायचं, भोकं सिमेंटने बुजवायची, असं त्याचं काम होतं. घराच्या आत झालं, पुढची बाजू झाली, दोन्ही अंगं झाली. मग तो मागच्या बाजूला जाऊन चर खणायला लागला तशी योगिनी बाहेर आली. मागल्या भिंतीपासून विहीर बारा फुटांवर होती. सगळं घर त्याच विहिरीचं पाणी पीत होतं, शेजारची दोन घरंही.

"हे औषध विहिरीत उतरणार नाही कशावरून?" तिने विचारलं.

"नाही उतरत, ताई. थोडंसंच तर आहे."

"थोडंसंच आहे म्हणजे उतरतं."

तो माणूस हसला. "ताई, एक बाजू सोडली तर मी पुढचं काही सांगू शकत नाही बघा."

योगिनी चराजवळ उभी राहिली आणि हलली नाही. शेवटी त्याने पंपाची नळी गुंडाळली. जाताना बाबल्याला अंगणात गाठून तो काहीतरी बोलला, आणि बाबल्या मान हलवत राहिला. बाबल्याचं घर अंगणापलीकडेच होतं. तो हापूसच्या बागा कराराने घ्यायचा. त्या दिवसांत मोहोराची राखण आणि फवारणी यात गुंतलेला असे.

"वहिनी, तो रोज हेच काम करतो," बाबल्या नंतर म्हणाला. "त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

"पाणी आपण पितो, भावजी," योगिनी म्हणाली.

पण तो गेल्यावर ती स्वतःशीच घोकत राहिली. आपण बरोबर केलं की चूक? औषध विहिरीत गेलं असतं तर? आणि आता वाळवी त्या सोडलेल्या बाजूनेच परत आली तर? दोन्ही प्रश्न एकमेकांना भिडून फिरत राहायचे आणि ती त्यांच्याबरोबर घरभर फिरायची.

तिला एक सवय लागली. दिसेल त्या लाकडावर ती बोटाच्या पेराने टकटक करायची. पलंगाचा पाय, देवघराचं दार, पोळपाट. भरीव आवाज आला की पुढे सरकायची. शेजारच्या कमळाकाकूंकडे रथसप्तमीचं हळदीकुंकू होतं, तिथेही वाण घ्यायला उभी असताना तिचा हात मागच्या मागे चौकटीवर गेला. टक, टक, टक.

"कोण आलंय गो बाहेर?" कमळाकाकूंनी आतून विचारलं, आणि सगळ्या बायका हसल्या. योगिनीही हसली. पण वर टकटक करताना आवाज बदलला होता हे तिने ऐकलं होतं, आणि निघताना तिने कमळाकाकूंना बाजूला घेऊन ते सांगितलं. काकूंना राग आला. शुभ दिवशी घरात येऊन ही असलं काय बोलते! आठवड्यानंतर त्यांचीही चौकट वरच्या बाजूला पोकळ निघाली, तेव्हा त्या गप्प झाल्या.

आरोहीची दहावीची परीक्षा मार्चच्या मध्याला संपली. शेवटच्या पेपरच्या दिवशी योगिनी केर काढत होती. मागल्या खोलीत, बटणांच्या पट्टीखाली, भिंतीवर पेन्सिलने ओढावी तशी मातीची एक बारीक रेघ वर चढलेली तिला दिसली. कालपर्यंत ती नव्हती. तिने झाडूच्या हिराने रेघ मधोमध मोडली. आतून एक पांढरा जीव बाहेर आला, गोंधळला, परत आत गेला.

योगिनी खाली बसली. मग तिने आरोहीच्या कंपासमधली पेन्सिल आणली आणि मोडलेल्या जागेशेजारी भिंतीवर तारीख लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ पुन्हा सांधलेली होती.

"बघ, मी म्हणत होतो," बाबल्या म्हणाला. त्याच्या अंगणात आता आंब्याच्या लाकडी पेट्या रचायला सुरुवात झाली होती आणि काही पेट्या योगिनीच्या भिंतीला टेकल्या होत्या. "मागची बाजू तूच सोडायला लावलीस त्याला."

त्याचं बोलणं तिला लागलं, कारण ते खरं असू शकत होतं. तिने त्याच्या पेट्या एकेक उचलून भिंतीपासून लांब नेऊन ठेवल्या. मागे रचलेला वाळक्या पानांचा पातेरा आणि सरपणही हलवलं. न्हाणीघराचा नळ गळत होता, भिंत ओली राहत होती, तो दुरुस्त करून घेतला. आणि मग रोज सकाळी चहाच्या आधी, हातात हीर आणि पेन्सिल घेऊन ती भिंतीभिंतीने फिरायला लागली. जिथे रेघ दिसेल तिथे मोडायची, तारीख घालायची, दुसऱ्या दिवशी सांधली का ते बघायचं. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे तिने घराचा नकाशा काढला आणि जिवंत रेघांच्या जागी फुल्या मारल्या.

सासू यमुनाबाई खुर्चीतून हे सगळं बघत असायच्या. पंचाहत्तरीच्या, गुडघ्यांनी दमलेल्या, पण नजर अजून तीक्ष्ण.

"कशाला एवढी मागे लागत्येस गो?" त्या म्हणायच्या. "मातीत घर बांधलां, तर मातीतले जीव येणारच."

"आई, घर खाऊन टाकतील ते."

"नाय खात एवढां."

तिसऱ्या आठवड्यात नकाशा समोर धरून योगिनी चक्रावली. मागच्या बाहेरच्या भिंतीला, विहिरीच्या अंगाला, एकही फुली नव्हती. सगळ्या फुल्या आतल्या भिंतींच्या बुडाशी होत्या, आणि त्यांचा गराडा मागल्या खोलीच्या मध्याभोवती पडला होता. लवू मेस्त्रीला बोलावून तिने पान दाखवलं. त्याने चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं.

"ही बाहेरून येत नाय वैनी," तो म्हणाला. "ही आतून येते. खाली हिच्या पोटापुरतं काहीतरी आहे."

म्हणजे विहिरीची बाजू सोडली म्हणून नव्हे. एक ओझं उतरलं आणि लगेच दुसरं चढलं. खाली काय आहे?

खलबत्त्यातला बत्ता घेऊन तिने मागल्या खोलीच्या फरश्या एकेक ठोकून पाहिल्या. मधल्या चार फरश्यांचा आवाज वेगळा होता, रिकाम्या डब्यासारखा. तिने बाबल्याला बोलावलं.

"भावजी, या जागेवर घराआधी काय होतं?"

"परसू होतं. एक रायवळ आंबा होता. तो तोडला."

"मुळासकट काढला?"

"आता नऊ वर्षं झाली, वहिनी. पाऊस तोंडावर आला होता, भराव टाकायची घाई होती. कसं आठवणार सगळं?"

हे बोलताना तो योगिनीकडे बघत नव्हता. तो दारातून ओटीवर बघत होता, जिथे त्याची आई बसली होती. आणि यमुनाबाई दुसरीकडे बघत होत्या.

त्या रविवारी नितेशचा फोन आला. जहाज कुठल्याशा बंदरात माल उतरवत होतं, मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. योगिनीने त्याला सगळं सांगितलं.

"मी जूनमध्ये येतो, मग बघू," तो म्हणाला. "तोवर काही फोडू नकोस. आणि बाबल्याला दुखवू नकोस. त्याने त्या वेळी खूप केलंय आपल्यासाठी."

"जूनपर्यंत दुसरी चौकट जाईल."

"मग जाऊ दे. नाहीतर रत्नागिरीत एखादा फ्लॅट बघू आपण. तिसऱ्या मजल्यावर वाळवी येत नाही."

"तिसऱ्या मजल्यावर आई चढणार आहेत?" योगिनी म्हणाली. मग आवाज तुटला.

पुढचे चार दिवस तिने स्वतःला आवरलं. कपडे धुतले, आमसुलं वाळत घातली, आरोहीला नाटे गावी मावशीकडे पाठवलं. पाचव्या दिवशी दुपारी यमुनाबाई जेवून आडव्या झाल्या होत्या. योगिनीने मागल्या खोलीतला पलंग ओढून बाजूला केला, पदर खोचला, आणि छिन्नी-हातोडा घेऊन मधली फरशी फोडायला घेतली. फरशी सहज निघाली. खालचा कोबा तीन इंचांचा असायला हवा होता. तो जेमतेम दीड इंच होता आणि ठिसूळ झाला होता. पहारेच्या सहाव्या-सातव्या घावाला तो खचला, आणि पहार हातातून निसटून दीड-दोन फूट आत गेली.

भोकातून कोंदट, उबट वास आला. योगिनीने गुडघ्यावर बसून हात आत घातला. कोपरापर्यंत. बोटांना मधमाश्यांच्या पोळ्यासारखं काहीतरी लागलं, ओलसर, चुरडणारं. तिने मूठभर बाहेर काढलं. तपकिरी मातीचं जाळं होतं ते, आणि त्यात पांढरे जीव वळवळत होते.

"थांब गो."

दारात यमुनाबाई उभ्या होत्या. काठी न घेता, चौकटीला धरून.

"थांब. बाबल्याला दोष देशील तू आता. त्याचा दोष नाय. मीच सांगितलां त्याला."

योगिनी तशीच बसून राहिली, मूठ उघडी.

"काय सांगितलंत, आई?"

यमुनाबाई हळूहळू पलंगाच्या काठावर टेकल्या. बोलायच्या आधी त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"नितेशचा बापूस बोटीवरनं गेलो, तेव्हा नितेश चौदाचा होता आणि बाबल्या नवाचा. एवढां तुला म्हायती आहे. बोट उलटली. पाच माणसां होती, तिघां मिळाली. ह्यांचा काय मिळालां नाय. अंगावरचा सदराही नाय. बारा दिवस सगळे करायचे ते विधी केले, पण कशावर केले? पिठाच्या बाहुल्यावर. ते त्या आंब्याखाली बसून जाळी सांधायचे. जायच्या दिवशी तिथेच बसून न्याहारी केलानी. मला दुसरी जागाच नव्हती गो. कुणाचो नवरा गेलो तर बायको मसणाच्या वाटेकडे बघते. मी त्या आंब्याकडे बघायची."

"मग घर बांधताना…"

"झाड तोडायला मी हो म्हटलां. नितेशने परदेशातनं एवढी हौस धरलान, घर होऊ दे म्हटलां. पण बाबल्याला सांगितलां, मूळ नको काढू. मूळ राहू दे घराखाली. आणि नितेशला नको सांगू, तो हसेल. तो पोर रडला, पण माझां ऐकलान. खोड जमिनीबरोबर कापलान आणि वर माती ओढलान."

योगिनीच्या हातावरून एक जीव मनगटाकडे चढत होता. तिने तो झटकला नाही.

तिच्या मनात राग यायला हवा होता. नऊ वर्षं ही बाई हे जाणून होती, आणि महिनाभर तिला भिंतीभिंतीने हिंडताना बघत होती. पण राग धड येईना. तिला आठवत होतं ते वेगळंच: नितेशचा फोन दोन दिवस लागला नाही की सासू जेवताना भात चिवडत बसायची, आणि ती स्वतः घरातली सगळी भांडी पुन्हा घासायला काढायची. दोघी कधी एकमेकींशी त्यावर बोलल्या नव्हत्या.

"आई," ती शेवटी म्हणाली, "ते मूळ आता तिथे नाही. हे बघा."

तिने मूठ पुढे केली. यमुनाबाईंनी ती माती बोटाने चाचपली. चुरडली. पुन्हा चाचपली.

"सगळां?" त्यांनी विचारलं.

"बघितल्याशिवाय नाही सांगता येत. पण काढावं लागेल."

यमुनाबाईंनी मान हलवली. मग उठून गेल्या, आणि ओटीवर जाऊन त्यांनी अंगणापलीकडे हाक मारली. "बाबल्या! ये रे. तुझी वहिनी खणत्ये. तिला एकटीला नको खणू देऊस."

ऐन हंगाम होता. बागेतून आंबा उतरत होता, ट्रक ठरलेला होता. पण बाबल्या तीन दिवस बागेवर गेला नाही. लवू मेस्त्री आणि तो, दोघांनी मिळून खोलीच्या मधोमध कमरेएवढा खड्डा खणला. दुसऱ्या दिवशी दुपारी योगिनीने बाबल्याला पाण्याचा तांब्या दिला, तेव्हा तो खड्ड्यातूनच म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी विहिरीवरून तुला बोललो. ते माझ्याच जिवाला खात होतं म्हणून बोललो."

"पाणी प्या," योगिनी म्हणाली.

खोडाचं लाकूड कुठेच उरलं नव्हतं. जी काही होती ती खोडाच्या आकाराची माती. मुळं जिथे जिथे गेली होती तिथे तिथे मातीच्या नळ्या गेल्या होत्या. जाड मुळाच्या जागी जाड, बारीक मुळाच्या जागी बारीक. अख्खा आंबा वाळवीने तसाच्या तसा मातीत उतरवला होता. चौथ्या फुटावर लवू मेस्त्रीला नारळाएवढा घट्ट गोळा लागला. त्याने तो खड्ड्याच्या काठावर ठेवून फोडला. आत अंगठ्याएवढी, पांढरी, फुगलेली राणी होती. तिला हलताही येत नव्हतं.

"ही सापडली नसती तर सगळं फुकट होतं," लवू म्हणाला.

योगिनीने इतके दिवस मनात हिच्यावर दात धरले होते. आता समोर आल्यावर तिला बघवेना. तिने तोंड फिरवलं. लवूने ते काम केलं.

माती सात पोत्यांत भरली. बाबल्या म्हणाला, मागे नेऊन जाळतो. तेव्हा ओटीवरून यमुनाबाई बोलल्या.

"जाळू नको. समुद्रात सोड."

बाबल्याने वहिनीकडे पाहिलं. दोन महिन्यांत घरात असा दंडक पडला होता की वाळवीच्या बाबतीत योगिनीला विचारायचं.

"चालेल," योगिनी म्हणाली. "खाऱ्या पाण्यात जगत नाहीत त्या."

संध्याकाळी टेम्पोत पोती घालून ते चौघं जवळच्या आरेच्या किनाऱ्यावर गेले. भरती चढत होती. यमुनाबाई वाळूत पुढपर्यंत चालत आल्या, योगिनीचा दंड धरून. बाबल्या आणि लवू गुडघाभर पाण्यात उभे राहून पोती रिकामी करत होते. पाणी तपकिरी होत होतं आणि पुढच्या लाटेला पुन्हा स्वच्छ होत होतं. शेवटचं पोतं यमुनाबाईंनी मागून घेतलं. उचलता येईना, म्हणून योगिनीने दुसरं टोक धरलं. ओतून झाल्यावर यमुनाबाईंनी त्याच पाण्याने हात धुतले आणि कपाळाला लावले.

"झालां," त्या म्हणाल्या. रात्री त्यांनी भात दोनदा मागून घेतला.

खड्ड्यात औषध सोडायचं की नाही यावर पुन्हा वाद झाला. तो विहिरीपासून पंचवीस फुटांवर होता, तरी योगिनीने पाणी तपासून घेतल्याशिवाय औषध मारू दिलं नाही. विहिरीच्या बाजूला तिने औषध मारलंच नाही. त्याऐवजी भिंतीलगतची माती वीतभर उतरवून जोत्याचा चिरा उघडा केला, म्हणजे रेघ चढली तर डोळ्यांना दिसेल. मागल्या खोलीची चौकट दगडी बसवली आणि कपाटाचे कप्पे कडाप्प्याचे.

जूनमध्ये नितेश आला. बॅग ठेवून तो आधी मागल्या खोलीत गेला. नव्या फरश्यांचा रंग जुन्यांशी जुळला नव्हता. तो त्यांच्यावर उभा राहिला.

"मला आईने कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"मलाही नाही."

"मी हसलो असतो का गं?"

योगिनीने विचार केला. "त्या वेळी हसला असतास," ती म्हणाली. त्या सुट्टीत नितेश रोज संध्याकाळी आईला घेऊन किनाऱ्यावर जायचा, गुडघे दुखतात म्हणाली तरी न्यायचा.

वाळवी परत आली नाही. पुढचं वर्ष गेलं, त्याच्या पुढचंही निम्मं गेलं. योगिनीची फेरी मात्र थांबली नाही. भिंतीवरच्या जुन्या तारखा पुसून टाक, असं आरोही म्हणते. योगिनी रंगवायला देत नाही. गावात कुणाच्या घरात रेघ दिसली की तिला बोलावणं येतं. कमळाकाकू तर तिची शिफारस करताना आपल्याच चौकटीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात. योगिनी जाते, बत्त्याने फरशी ठोकते, नळ कुठे गळतो ते बघते, विहीर किती लांब आहे ते पावलांनी मोजते. घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून ती विचारते, इथे आधी काय होतं? कधीकधी उत्तर यायला दोन-तीन चहा लागतात.

तरीही तिला स्वस्थ वाटत नाही. गेल्या महिन्यात नितेशचं जहाज कुठल्याशा वादळी पट्ट्यातून चाललं होतं, आणि असे दिवस आले की ती दोनदोनदा फेरी मारते. आता कधीकधी सासूही काठी घेऊन तिच्या मागून येते.

त्याच दिवसांत नाट्याहून बहिणीचा फोन आला. तिच्या दिराचं नवं घर उभं राहत होतं, जोत्याचा भराव टाकायचं काम चालू होतं. योगिनी एसटीने गेली. जोत्याच्या आत दोन माडांचे बुंधे जमिनीबरोबर कापून ठेवलेले होते आणि शेजारी स्लॅबच्या फळ्यांचे तुकडे पडले होते. मातीचा डंपर दारात उभा होता.

"हे बुंधे काढा आधी," ती म्हणाली.

"बाई, माडाचं लाकूड आहे, कुजून जाईल आपोआप," ठेकेदार म्हणाला. "वर पाच फूट माती येणार आहे."

"म्हणूनच काढा."

"आता जेसीबी परत बोलवायचा? दोन दिवस जातील."

योगिनीने चपला काढल्या, साडी सावरली, आणि जोत्याच्या भिंतीवरून खाली उतरून ती सरळ एका बुंध्यावर जाऊन बसली. ठेकेदाराने बहिणीच्या दिराकडे पाहिलं. दिराने बहिणीकडे पाहिलं. बहीण म्हणाली, "ती आता उठायची नाही."

ऊन चढलं. डंपरवाल्याने इंजिन बंद केलं. ठेकेदार फोन कानाला लावून जेसीबीवाल्याशी बोलत लांब गेला. योगिनीच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला, आणि पलीकडचा नंबर परदेशातला होता. तिने इतक्या घाईने तो उचलला की पर्स मातीत पडली.

"पोचलो गं बंदरात," नितेश म्हणाला. "सगळं ठीक आहे. तू कुठे आहेस?"

योगिनीने डोळे मिटले, मोठा श्वास घेतला, मग उघडले. वर काठावर लोक उभे राहून तिच्याकडे बघत होते.

"खड्ड्यात आहे," ती म्हणाली. "जेसीबी येतोय. नंतर सांगते सगळं."